घरी नेट आहे का?

बेअरपेन खोरं, केंटकी
२८ ऑगस्ट २०१६

प्रिय आत्या,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि आमच्या खोऱ्यात फोन लागत नाही. तेव्हा आपल्या दोघींचं पत्रांवरच भागायचं. बाबांना म्हटलं, तुम्ही लिहा. तर म्हणाले, "तूच लिही. माझं अक्षर बघितलं की ताईला मी अजून दुसरीतच आहे असं वाटतं."

बातमी अशी आहे की मी कॉलेजात जायला लागले. दचकू नकोस, शाळा सुटलेली नाही. यंदापासून आमच्या शाळेतच कॉलेजचे वर्ग सुरू झालेत. प्राध्यापक चाळीस मैलांवर बसून शिकवतात आणि आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत त्यांना पडद्यावर बघतो. अकरावीच्या वर्गातून अकराजणांना घेतलं, त्यात मी आहे. दोन वर्षं नीट गेली तर शाळा संपेल तेव्हा कॉलेजची निम्मी वाट चालून झालेली असेल. शाळेने प्रत्येकाला एकेक लॅपटॉप दिलाय. तो घरी आणला तेव्हा बाबांनी आधी हात धुतले आणि मग झाकण उघडून बघितलं.

आमच्या या वर्गाचं सगळं स्टिडमबाई बघतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कोणाकोणाच्या घरी नेट नाही? हात वर करा." एकट्या मार्ला बेगलीने हात वर केला. मागून कोणीतरी म्हणालं, "आधी तिच्याकडे वीज आहे का ते विचारा," आणि सगळे हसले. मग बाईंनी एक फॉर्म वाटला. तो मी तिथल्या तिथे भरून दिला.

निबंधलेखन आणि गणित असे दोन विषय आहेत. बाबा बरे आहेत. नऊ नंबरची बस अजून त्यांच्याकडेच आहे. सकाळी मुलं चढताना प्रत्येकाला नावाने हाक मारतात आणि जो पेंगत असेल त्याला दुसऱ्याच्या नावाने.

तुझी,
ट्रेसा


डेटन, ओहायो
९ सप्टेंबर २०१६

माझी ट्रेसा,

पत्र आलं ते मी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि रविवारी चर्चच्या जेवणात बायकांना वाचून दाखवलं. आता इथे सगळ्यांना ठाऊक आहे की व्हर्लीन नेपियरची भाची सोळाव्या वर्षी कॉलेजात गेली. आमच्या पाद्र्यांनी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं. ते मला ऐकू आलं नाही, शेजारणीने कोपर मारून सांगितलं.

तुला एक गोष्ट सांगते. ही मी कधी कोणाला सांगितलेली नाही. तुझ्या आतोबांनाही नाही, आणि ते बिचारे आता नाहीत. मी चौदा वर्षांची होते. वर्षभराची गणितं एका जाड वहीत सोडवली होती. आमच्या बाई ती वही मोठ्या शाळेत दाखवणार होत्या, म्हणजे मला तिथे घेतलं असतं. आदल्या दिवशी माझे वडील, तुझे आजोबा, पिऊन आले. मी टेबलाशी लिहीत बसले होते. त्यांनी वही उचलली, कोळशाच्या शेगडीचं झाकण उघडलं आणि आत टाकली. म्हणाले, "कागद वाचून कोळसा निघत नाही." ओरडलेसुद्धा नाहीत. मग जेवायला वाढ म्हणाले, आणि मी वाढलं.

तुझा बाबा तेव्हा वर्षाचाही नव्हता, टोपलीत झोपला होता. नंतर मी अठरा पूर्ण झाल्यावर इकडे निघून आले, ते फ्रीजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर तीस वर्षं काढली आणि कान तिथे ठेवून आले.

हे तुला घाबरवायला नाही लिहिलं. तुझ्या नशिबी तसला बाप नाही हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तुझ्या बाबाने, माझ्या डेन्व्हरने, आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही. लॅपटॉप बघायला हात धुणारा बाप कोणाला मिळतो? मन लावून शीक. मला पहिले मार्क कळव.

आत्या


बेअरपेन खोरं
२ ऑक्टोबर २०१६

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलंय. ती वहीची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली.

अभ्यास बरा चालला आहे. सुरुवातीला निबंध द्यायला थोडा उशीर झाला होता, पण स्टिडमबाईंनी मला तीन आठवडे वाढवून दिले. काही अडचण असली तर त्या समजून घेतात. पहिल्या निबंधाला नव्वदच्या वर मार्क मिळाले. गणिताचं अजून कळायचं आहे.

मी लॅपटॉप उघडून बसले की बाबा टीव्हीचा आवाज बंद करतात आणि नुसती चित्रं बघत बसतात. काल घेवड्याचं वरण आणि मक्याचा पाव केला होता, तर माझं ताट टेबलावर ठेवून पाय न वाजवता गेले. मला ते आवडत नाही. म्हणजे त्यांनी एवढं करू नये असं वाटतं.

आज जास्त लिहीत नाही.

ट्रेसा


डेटन
६ नोव्हेंबर २०१६

ट्रेसा, पोरी,

महिनाभर तुझं पत्र नाही आणि परवा हे दुसरंच पत्र आलं. तुमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण कार्यालयाचं. खाली कोणा मिस कीटनची सही आहे. विचारलंय की मी मुलीची जवळची नातेवाईक आहे, तर गरज पडल्यास तिला माझ्याकडे ठेवून घेईन का, आणि आमच्या घराण्यात दारूचा इतिहास आहे का.

सोबत तू शाळेत जे सांगितलंस त्यातलं थोडं दिलं आहे. बाबा पितात, लॅपटॉप कुलपात ठेवतात, नोट्सची वही शेगडीत टाकली, आणि म्हणाले की कागद वाचून कोळसा निघत नाही.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. तेच शब्द. बाप मरून तीस वर्षं झाली आणि पोराच्या तोंडून तेच शब्द. रक्त जाईल कुठे, असं मनात आलं. मी त्याला आंघोळ घातलेली आहे, चालायला शिकवलं आहे, आणि मी गेल्यावर तो त्या माणसाजवळ एकटाच राहिला. त्याचंच हे फळ असेल.

मी त्याच दिवशी त्यांना उत्तर लिहिलं. सगळं लिहिलं. वडिलांचं पिणं, त्यांनी आमच्या आईचा हात मोडला ते, माझी वही. आणि लिहिलं की डेन्व्हर असं करत असेल तर मला आश्चर्य वाटत नाही. तुझ्यासाठी मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. इथे नेट आहे, शाळा दोन चौक सोडून आहे.

तू मला लिहिलं नाहीस याचं वाईट वाटलं. तुझ्या वयात मीही कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून रागावत नाही.

आत्या


बेअरपेन खोरं
१५ नोव्हेंबर

ताई,

मला लिहायला जमत नाही तुला माहीत आहे. चुका असतील.

कीटनबाईंनी मला तुझं पत्र वाचून दाखवलं. वडिलांबद्दल लिहिलंस ते सगळं खरं आहे. मला त्यातलं अर्धं माहीत नव्हतं. वहीचं तर नव्हतंच. माझ्याबद्दल मात्र आधी मला विचारायचं होतंस.

बारा ऑक्टोबरपासून बस माझ्याकडे नाही. शाळेने रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. पण चौकशी संपेपर्यंत मुलांच्या जवळ जायचं नाही असा नियम आहे, आणि नियम बरोबरच आहे. दिवसा आरा गिरणीत लाकडं रचतो.

कीटनबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ट्रेसा समोरच बसली होती. त्यांनी विचारलं, "मिस्टर नेपियर, तुमची मुलगी म्हणते ते खरं आहे का?" मी ट्रेसाकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती. मी म्हटलं, माझी मुलगी खोटं बोलत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. तेव्हापासून फाईल तशीच उघडी आहे. त्या म्हणतात तुम्ही नाही तरी म्हणा. पण मी नाही म्हटलं तर ती खोटी ठरते आणि कॉलेजचा वर्ग जातो. आपल्या घरातून इथवर कोणी गेलेलं नाही.

मी तिला काही विचारलेलं नाही. तूही तिला काही लिहू नकोस. डिसेंबरात तिची परीक्षा आहे.

डेन्व्हर


डेटन
२१ नोव्हेंबर २०१६

ट्रेसा,

तुझ्या बाबाने मला हे लिहू नकोस असं सांगितलं आहे. तरी लिहिते.

त्याचं पत्र आलं. ते वाचून मी कार्यालयाचं पत्र पुन्हा काढलं. "कागद वाचून कोळसा निघत नाही." त्या रात्री डेन्व्हर टोपलीत होता. हे शब्द त्याला माहीत असायचं कारण नाही. तो म्हणतो वहीची गोष्ट त्याला माझ्या पत्रातून पहिल्यांदा कळली. ती मी एकाच माणसाला सांगितली होती, नऊ सप्टेंबरला.

मी तुझ्यावर आरोप करत नाही. मला फक्त काय झालं ते सांग. जसं झालं तसं.

आत्या


बेअरपेन खोरं
२७ नोव्हेंबर २०१६

आत्या,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी सुरुवातीला मी किती अडचणीत होते ते लिहीत होते. आता ते शेवटी लिहीन, नाहीतर लिहिणारच नाही.

बाबांनी काही केलेलं नाही. ते पीत नाहीत. वही जळाली नाही, माझी कुठली वहीच नव्हती. ती तुझी वही होती. तू मला बाबा किती चांगले आहेत हे कळावं म्हणून सांगितलंस आणि मी त्यातले आजोबा काढून बाबांना घातलं.

त्या फॉर्मवर "घरी नेट आहे का" असं विचारलं होतं आणि पुढे दोन चौकोन होते. मी "हो"वर खूण केली. मार्लाला सगळे हसले तेव्हा मीही हसले होते, आत्या. पहिल्या पत्रात मी तुला नुसतं "सगळे" असं लिहिलं. मार्ला आमच्या खालच्याच वळणावर राहते. तिच्या घरी वीज आहे आणि आमच्याकडे जे नाही तेच तिच्याकडेही नाही. "नाही"वर खूण करणाऱ्यांना ग्रंथालयातून नेटची एक छोटी डबी मिळणार होती. ती फक्त मार्लाला मिळाली. पुढे तिने मला सांगितलं की ती डबी फोनच्याच सिग्नलवर चालते आणि खोऱ्यात सिग्नल नाही, तेव्हा ती खिडकीत ठेवून दिली आहे. म्हणजे मी खरं लिहिलं असतं तरी काही मिळालं नसतं. आणि खोटं लिहून तर काहीच मिळालं नाही.

तास पडद्यावर व्हायचे, पण बाकी सगळं घरी बघायचं होतं. व्याख्यानं, गणिताचे सराव, निबंध पाठवायचे. मी जेवणाच्या सुट्टीत जमेल तेवढं करायचे. घरी लॅपटॉप उघडून नुसती बसायचे. बाबा टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि मी कोऱ्या पडद्याकडे बघत बटणं दाबत राहायचे, त्यांना ऐकू यावं म्हणून. त्यांना वाटायचं की लॅपटॉप म्हटलं की त्यात सगळं असतंच. मी नुसतं म्हटलं असतं तरी त्यांनी रोज संध्याकाळी मला गाडीतून गावात नेलं असतं आणि बर्गरच्या दुकानाबाहेर, तिथल्या फुकट नेटसाठी, चार चार तास बसून राहिले असते. तेच मला नको होतं. त्या दुकानात आमच्या वर्गातली मुलं येतात.

सप्टेंबरच्या मध्यावर तिसरा निबंधही द्यायचा राहिला तेव्हा स्टिडमबाईंनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "ट्रेसा, तुझ्याकडे नेट आहे, लॅपटॉप आहे, डोकं आहे. मग राहिलं काय?" त्यांच्या टेबलावर माझा फॉर्म होता. मी तेव्हा खरं सांगू शकले असते, बाई एकट्याच होत्या. पण मग मी फॉर्मवर खोटं लिहिलं हे निघालं असतं. तुझं पत्र दोनच दिवसांपूर्वी आलं होतं. माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर आलं. आपोआप म्हणते, पण शब्द मी नीट निवडले होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात धरला आणि तीन आठवडे वाढवून दिले. मला बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे, की मला बरं वाटलं.

बाईंना असं काही कळलं तर वर कळवावंच लागतं हे मला माहीत नव्हतं.

बाबा "माझी मुलगी खोटं बोलत नाही" असं म्हणाले तेव्हा मी टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत होते. त्यानंतर सहा आठवडे झाले. ते रोज पहाटे उठतात, कारण सवय आहे, आणि बसची वेळ होईपर्यंत कोट घालून पायरीवर बसतात. मग कोट काढून गिरणीचा अंगरखा घालतात. गुरुवारी थँक्सगिव्हिंगला देवाचे आभार मानायची पाळी आली तर त्यांनी माझ्या कॉलेजचे आभार मानले.

मला तुझ्याकडे येऊ दे, असं मी पहिल्या कागदावर लिहिलं होतं. तो फाडला.

ट्रेसा


डेटन
३ डिसेंबर २०१६

ट्रेसा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. रागाच्या भरात लिहिलेलं एक पत्र मी आधीच त्या कार्यालयात पाठवलं आहे आणि त्याने काय झालं ते तू बघतेसच.

तू सोळा वर्षांची आहेस. मी एकसष्टची आहे. तू खोटं बोललीस आणि मी ते एका मिनिटात खरं मानलं, माझ्या हाताने वाढवलेल्या भावाबद्दल. तुझ्यावर लोक हसतील याची तुला भीती होती. मला कशाची भीती होती? वडिलांवरचा राग इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता, तो टाकायला जागा मिळाली एवढंच. चर्चमध्ये बायकांनी विचारलं, भाचीचं कसं चाललंय, तर मी त्यांनाही सांगून बसले होते की भाऊ बापावर गेला. गेल्या रविवारी मी उभी राहून सांगितलं की ते खोटं होतं आणि मी ते न विचारता पसरवलं. लोक काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. चेहरे दिसले.

मिस कीटनना मी आज लिहिलं आहे की माझं पहिलं पत्र डेन्व्हरविरुद्ध धरू नये, मला त्याच्याबद्दल प्रत्यक्ष काहीच ठाऊक नाही. तू काय केलंस ते मी त्यात लिहिलेलं नाही. ते मी सांगणार नाही. ते तू सांगायचं. आधी बापाला, मग बाईंना. तुझ्या परीक्षेनंतर नाही, आधी.

तुला माझ्याकडे यायचं असेल तर उन्हाळ्यात ये, सुट्टीला. पळून यायला ही खोली नाही.

मी तुझ्यावर रागावले आहे. पत्र मात्र लिहीत राहा.

आत्या


बेअरपेन खोरं
१० जानेवारी २०१७

प्रिय आत्या,

तू म्हणालीस तसं केलं, पण तुझं पत्र आल्यावर पाच दिवस लागले.

बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी दारात उभी राहूनच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं. फॉर्मपासून सगळं सांगितलं. ते सोलायचे थांबले नाहीत. एक बटाटा झाला, दुसरा घेतला. मग म्हणाले, "म्हणजे वही नव्हतीच?"

मी नाही म्हटलं.

"मी दोन महिने आठवत होतो," ते म्हणाले. "कुठली वही ते. वाटलं रद्दीबरोबर पेटवायला घेतली असेल चुकून. न बघता. शेगडीतली राखसुद्धा चाळून बघितली मी."

मला रडू आलं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. त्यांनी घ्यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. सुरी खाली ठेवून म्हणाले, "नेट नाही हे मला सांगायचंस तरी." मग, "कोट घाल. बाईंचं घर कुठे आहे?"

रविवारची दुपार होती. स्टिडमबाई दारात आल्या, बाबांना बघून एक पाऊल मागे सरल्या. ते बाबांना दिसलं, मलाही दिसलं. मी तिथेच बोलायला सुरुवात केली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या बाबांना म्हणाल्या, "मिस्टर नेपियर, आत या. माझीही चूक आहे. असा प्रश्न मी वर्गात हात वर करायला लावून विचारायला नको होता." बाबा म्हणाले, "तुम्ही ऐकलंत तसं कळवलंत. तेच करायचं असतं." ते आत गेले नाहीत, बूट चिखलाचे होते.

पुढे जे झालं ते असं. दोन्ही विषयांतून माझं नाव काढलं. माझे नव्वद मार्क गेले, कारण ते वाढवून मिळालेल्या दिवसांचे होते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, मुख्याध्यापक घेतील की नाही ते तेव्हा ठरवतील. बाईंनी उरलेल्या दहाजणांना एकेकटं बोलावून पुन्हा विचारलं. आणखी चौघांनी "हो"वर खोटी खूण केली होती, त्यात वीज आहे का विचारा म्हणणारा तो मुलगाही निघाला. आता शाळेची संगणकाची खोली सहापर्यंत उघडी असते आणि खेळाडूंच्या सरावानंतरच्या उशिराच्या बसमधून या मुलांनाही घरी सोडतात. मार्ला रोज जाते. मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं की मीही हसले होते. ती म्हणाली, "माहीत आहे. मी बघितलं होतं." एवढंच म्हणाली.

मिस कीटननी नाताळाच्या आधी फाईल बंद केली. शाळेने बाबांना नऊ जानेवारीपासून बस परत द्यायचं ठरवलं. पण सात घरांनी कळवलं की डेन्व्हर नेपियर चालवणार असेल तर आम्ही मुलांना स्वतः आणून सोडू. फाईल बंद झाली हे शाळेला कळतं, खोऱ्यात फक्त उघडली तेव्हाच कळलेलं असतं.

म्हणून मी सुट्टीत घरोघर गेले. बाबांना सांगितलं नाही, त्यांनी जाऊ दिलं नसतं. नऊ नंबरच्या वाटेवर चौदा घरं आहेत. सातच्या ऐवजी चौदाही घेतली, कारण जे बोलले नव्हते त्यांनीही ऐकलं होतंच. चार दिवस लागले. दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, मी डेन्व्हर नेपियरची मुलगी, बाबांबद्दल तुम्ही ऐकलंत ते मी रचलेलं होतं, ते पीत नाहीत. पहिल्या घरी मला ते दोनदा म्हणावं लागलं. नंतर सवय झाली असं वाटलं, पण तशी सवय होत नाही.

काहींनी आत घेऊन कॉफी दिली, ती तोंडावर दार लावून घेण्यापेक्षा जड गेली. एकाने विचारलं, "नेटसाठी? नेटसाठी केलंस हे?" आणि बायकोला हाक मारून मला परत सांगायला लावलं. आयसनबाई म्हणाल्या, "मला आतून ठाऊक होतं गं. रोज सकाळी तो माझ्या पोराच्या कोटाची बटणं लावून देतो, त्याच्या तोंडाला कधी वास आला नाही. पण एकदा ऐकल्यावर पोराला कसं पाठवणार?"

शेवटचं घर हॉलकमांचं, टेकडीवर. त्यांच्या दोन मुली आहेत, पहिलीत आणि तिसरीत. हॉलकमबाईंनी जाळीच्या दाराआडून सगळं ऐकलं. मग शांतपणे विचारलं, "तेव्हाही तू असंच बघून सांगितलं असशील ना, बाईंच्या डोळ्यांत? मग आज खरं बोलतेस हे मी कशावरून मानू?"

मी म्हटलं, "नका मानू. पण बाबांना विचारा." त्यांनी दार लावलं. जोरात नाही.

काल सोमवारी बाबांनी पहाटे कोट घातला आणि या वेळी तो काढला नाही. मी पहिली चढले आणि त्यांच्या मागच्या बाकावर बसले. मार्ला चढली. आयसनांचा मुलगा कोट उघडाच ठेवून आला आणि बाबांसमोर उभा राहिला, त्यांनी बटणं लावली. एकेका वळणावर मुलं उभी होती. कोणाची आई फाटकापर्यंत आली होती, कोणी हात केला, कोणी नाही. बाबा सगळ्यांना नावाने हाक मारत होते. पेंगणाऱ्याला चुकीच्या नावाने हाक मारायचं मात्र त्यांनी टाळलं.

हॉलकमांच्या थांब्यावर कोणी नव्हतं. वर घराच्या खिडकीत दिवा होता. बाबांनी बस थांबवली, लाल दिवे लावले, दार उघडलं. थंडी आत आली. नियमाप्रमाणे एक मिनिट थांबायचं असतं, ते थांबले. मला खाली बघावंसं वाटलं, पण आरशात बाबा माझ्याकडे बघत होते, म्हणून मी उघड्या दाराकडे बघत राहिले.

मिनिट झालं. त्यांनी दार लावलं आणि गिअर टाकला.

"उद्याही थांबायचं," ते म्हणाले.

आज थांबलो. उद्याही थांबू.

ट्रेसा